टंच पंच्याऐंशी

सराफा आठला मिटतो
आणि त्याच ओट्यांवर गराडूच्या कढया चढतात.
त्या गडबडीत श्रीरंग, माझा धाकटा दीर,
झांझरी शेठच्या दुकानातून चार नाणी घेऊन आला,
गुलाबी पुडीत, एका रात्रीपुरती.
"वहिनी, बायका आहेत. तुझ्या कामाच्या."

मोडीत आली होती म्हणे,
दोन चेपलेले वाळे, एक चमचा
आणि दांडा तुटलेल्या पळीबरोबर.
उद्या शेठ ठरवणार,
मुशीत घालायची की शौकिनाला द्यायची.

मी चष्मा चढवला.
रामबागेत तेवीस वर्षं मी नवऱ्यांचे केस बांधते.
कडेची अक्षरं मला लागली नाहीत.
डोकी लागली.

पहिली: वेण्यांची चुंबळ, बरोबर टाळूवर.
राणी असून
जशी आत्ता हंडा उचलायला निघालीय.
गाल झिजून सपाट, नाक अर्धं,
पण चुंबळीचा पेड न् पेड जागच्या जागी.
"रोमच्या बादशहाची बायको," श्रीरंग म्हणाला,
"मेल्यावर देवी केली तिला, मग हे पाडलं.
टंच पंच्याऐंशी."
मी म्हटलं, मेल्यावर कुठली होत नाही?

दुसरी अन् तिसरी सारख्याच, मधला भांग, मागे गाठ,
कुणीतरी घाईत आवरलेल्या.

चौथीचे केस कानांवरून लाटालाटांनी उतरलेले,
मानेवर जाड गादी.
टोप आहे हा, मी म्हटलं.
माणसाच्या डोक्याला एवढे केस येत नाहीत,
मी हजार डोकी धुतलीत.
श्रीरंग हसला. "हिची चांदीही निम्मीच आहे.
तोवर खजिना आटला होता."
खजिना आटला,
केस मात्र वाढत गेले.

रात्री अकराला पुतणीला पाटावर बसवलं.
रेवा कुरकुरली, मग मोबाइल घेऊन गप्प बसली.
अकरा वेण्या, चाळीस आकडे,
दोनदा सुटलं, एकदा ती रडकुंडीला आली,
माझे खांदे भरून आले.
पावणेदोनला चुंबळ उभी राहिली.
तेव्हा कळलं,
आरशासमोर एकटीने हे होत नाही.
मागे कुणीतरी उभं लागतं,
तोंडात आकडे धरलेलं,
म्हणून न बोलणारं.

मी नाणं उलटं केलं.
खरंच होती, मागे उभी!
पायघोळ वस्त्र, हातात काहीतरी लांब.
फणी, मी म्हटलं.
"मशाल," श्रीरंग म्हणाला. "आणि दुसऱ्या हातात लोंब्या.
धान्याची देवी आहे ती, वहिनी."
असेल.
लोंब्या तर आमच्या माळव्याच्या गव्हासारख्याच,
टोकं झुकलेल्या.
पण जिने रोज पहाटे दीड दीड तास
ती चुंबळ रचली,
तिला कुठल्या नाण्यावर शोधायची?

अजून एक दिसलं.
कुणीतरी नाण्याला भोक पाडलं होतं,
गळ्यात घालायला, बहुतेक इकडेच कुठेतरी,
काळ्या दोऱ्यात, एखाद्या पोराच्या.
भोक राणीच्या टाळूच्या वर,
म्हणजे राणी सरळ राहिली.
नाणं फिरवलं
तर मागची बाई
पायांना टांगलेली.
कितीतरी वर्षं
कुणाच्या तरी छातीवर
उलटी.

मी दिव्याखाली बराच वेळ ते धरून बसले.
पुडी बांधायची राहिली.

सकाळी रेवा केस सोडेना.
तशीच कॉलेजला गेली, मान ताठ,
जिन्यात दाराची चौकट टाळत.
श्रीरंगाने पुडी खिशात घातली.
दुपारी फोन आला:
"वहिनी, शेठ विचारतायत,
चार नाण्यांचं वजन कालच्यापेक्षा जास्त कसं?"

माझा एक आकडा गेला होता त्यांच्यात.
मी म्हटलं, राहू दे,
तिचाच असेल.